पाण्याआधीचं जेवण

तग्रूरत,
६ ऑक्टोबर १९८४

ती. सौ. ताईस, धाकट्या इद्दरचा सलाम. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तर दिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं, आणि जे होतं ते लिहायची लाज वाटत होती. आजही वाटतेच आहे. पण बसवाला उमर उद्या मेकनेसकडे निघतोय, आणि माझ्याबरोबर खणणाऱ्या झायदने बजावलंय की ताईला चार ओळी खरडल्याशिवाय आज चहा मिळणार नाही. म्हणून बसलोय.

खेत्तारा परत ढासळली. जमिनीखालचा अख्खा पाट नाही. जुन्या अंजिराजवळच्या विहिरीपासून वरच्या अंगाला जो बोगदा आम्ही गेल्या हिवाळ्यात मोकळा केला होता, नेमका तोच. गेल्या महिन्यात उगाच नावाला पाऊस पडला. खजुराच्या झाडांना काही उपयोग नाही, पण वरची माती तेवढ्याने सुटली आणि सगळा बोगदा बुजला. हिवाळाभर टोपल्या ओढून बाहेर काढलेली माती पुन्हा आत जाऊन बसली. तू अंगण झाडून ठेवायचीस आणि वारा सगळा पाचोळा परत दारात आणून टाकायचा, आठवतं? तू तेव्हा केरसुणी फेकून द्यायचीस. मला फेकायला केरसुणीही नाही.

चार वर्षांपूर्वी काम काढलं तेव्हा वाडीत उरलेले सगळे पुरुष दोराला होते. मग कोणी अगादीरला मासळीच्या बोटींवर गेला, कोणी फ्रान्सला. त्यांना तरी कुठल्या तोंडाने नावं ठेवू? बापाची खजुराची झाडं वाळताना बघत बसण्यापेक्षा गेलेलं बरं. आता मी आणि झायद. एक खाली खणतो, एक वरून रहाट ओढतो, आणि संध्याकाळी दोघं एकमेकांकडे बघायचं टाळतो. गुरुवारच्या बाजाराला मी हल्ली कोरड्या नदीच्या वाटेने जातो. लांब पडतं, पण त्या वाटेला कोणी भेटत नाही. सरळ रस्त्याने गेलं की प्रत्येक जण विचारतो, काय इद्दर, पाणी कुठवर आलं? चेष्टेने विचारतात असंही नाही. चेष्टेने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ताई, लाज कशाची वाटते ते सांगू? ढासळलं याची नाही. माती आहे, ढासळायचीच. लाज याची वाटते की तो बुजलेला बोगदा बघून मला आतून हायसं वाटलं. वाटलं, चला, सुटलो, आता सोडून द्यायला कारण मिळालं. झायद शेजारी डोकं धरून बसला होता आणि मी मनातल्या मनात सामान बांधत होतो. हे मी त्याला सांगितलेलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी विहिरीच्या काठावर बसतो, दोराच्या फासात पाय घालतो आणि तसाच बसून राहतो. झायद रहाट धरून उभा असतो.

तुझ्या नवऱ्याचा भाऊ सायकलच्या दुकानात माणूस शोधतोय असं तू उन्हाळ्यात लिहिलं होतंस. अजून शोधतोय का?

आईला यातलं काही सांगू नकोस. तिच्या छातीचं दुखणं कसं आहे ते कळव. माझ्यावरचा लोभ थोडा वापरून झाला असेल, उरलेला जपून ठेव.

तुझा,
इद्दर

*

मेकनेस,
२ नोव्हेंबर १९८४

चि. इद्दर यास तुदाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. इतक्या महिन्यांनी लिहिलंस आणि त्यात काय, तर सायकलचं दुकान! अरे, पंक्चर काढायचा कंटाळा येत नाही असं तुला कोणी सांगितलं? माझे दीर बारा वर्षं ते दुकान चालवतायत आणि बारा वर्षं रोज जेवताना म्हणतात की उद्यापासून बंद. जागा आहे अजून. पण मी त्यांना तुझं नाव सुचवलेलं नाही आणि सुचवणारही नाही. राग आला तर येऊ दे.

हायसं वाटलं म्हणून एवढा जीव खातोस? मी तिसऱ्या बाळंतपणानंतर एकदा भरल्या घरात भांडी घासताना मनात म्हटलं होतं की सगळं टाकून पळून जावं. गेले का? भांडी घासली आणि झोपले. मनात काय येईल त्याची कोणी वसुली करत नाही. झायदला सांगितलं नाहीस ते बरं केलंस. त्यालाही वाटलं असेल, तोही सांगणार नाही.

आईचं मात्र ठीक नाही. खोकला छातीत बसलाय. डॉक्टर म्हणाले की औषध चालू ठेवा आणि मन आनंदात ठेवा. औषध कुठे मिळतं ते त्यांनी सांगितलं, आनंद कुठे मिळतो ते नाही. ती दिवसभर गच्चीवर त्या मेंढराशेजारी बसते. खेत्तारेला पाणी येईल तेव्हा कापीन म्हणून नवस बोललेलं तिचं मेंढरू! आणलं तेव्हा कोकरू होतं, आता असं माजलंय की मुलांनी त्याचं नाव अंमलदारावरून काइद ठेवलंय. जिन्यात आडवं बसतं आणि कोणाला वाट देत नाही. सगळी गल्ली हसते. गल्ली म्हणजे आपलीच माणसं, तग्रूरतची, पाणी आटल्यावर एकामागून एक येऊन इथे वसलेली. बा हद्दू लाकडाच्या वखारीवर पहारेकरी आहेत, रोज येता-जाता आईला हाक मारतात आणि विचारतात की काइदसाहेब म्हातारपणाने जाणार की नवसाने. आई तेवढ्यापुरती हसते. प्रत्येक बस आली की मला विचारते, पाणी आलं का. मी नाही म्हटलं की भिंतीकडे तोंड करून निजते.

म्हणून एक मागते. तिला एक पान लिही. गोड लिही. पाणी दिसायला लागलंय, ओल लागलीय, असं काहीतरी. अगदी खरं नसलं तरी चालेल. तू थोड्या दिवसांत खरं करशीलच. तिने हिवाळा काढला की मग बघू.

झायदला सांग, चहा अडवून पत्र लिहवून घेतल्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मुलं मामाला विचारतात. मामाने आम्हांला विसरू नये.

तुझी,
तुदाताई

*

तग्रूरत,
४ डिसेंबर १९८४

ती. आईस, इद्दरचा सलाम आणि तुझ्या हातांना मुका.

आई, पाणी आलं.

जास्त लिहीत नाही, कामात आहे. तू औषध घे, खोकला अंगावर काढू नको, आणि थंडीत गच्चीवर बसू नको. ताई म्हणते तसं वाग. बा हद्दूंना सलाम.

तुझाच,
इद्दर

(ताई, ही घडी तुझ्यासाठी. तू सांगितलंस म्हणून वरचं पान लिहिलं. ओल लागलीय एवढंच लिहायचं ठरवून बसलो होतो, पण लेखणीने पुढची मजल मारली. खरं एवढंच की बुजलेल्या मातीत हात घातला तर ओला चिखल लागतो. पलीकडे पाणी अडून बसलंय असं झायदला वाटतं. मलाही कधीकधी वाटतं. तिला वाचून दाखव आणि पान चुलीत टाक. गल्लीत बोलू नको.)

*

मेकनेस,
२२ डिसेंबर १९८४

चि. इद्दर यास आशीर्वाद.

काय झालं ते सांगते. बसला असशील तर बसूनच वाच.

तुझं पान मी आईला वाचून दाखवलं. मला वाटलं होतं रडेल, दोन वेळा पुन्हा वाचायला लावेल, सुखाने झोपेल. ती मात्र उठली. महिनाभर जिचा हात धरून मोरीपर्यंत न्यावं लागत होतं ती बाई शाल गुंडाळून एकटी जिना उतरली आणि खाटकाला घेऊन वर आली. मी मागे लागले. म्हटलं, इद्दर येऊ दे. म्हटलं, सणाला कापू, छाती बरी होऊ दे. ती म्हणाली की नवस कोणासाठी थांबत नसतो, पाणी थांबलं नाही तर मी कोण थांबणार. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. खाटीक सुरी परजत उभा, आई हात वर करून देवाचे आभार मानतेय, आणि मी खांबासारखी.

सगळी गल्ली जेवली, इद्दर. एकही घर मागे राहिलं नाही. रांधलं मी. याच हातांनी मी मांस परतत होते आणि बायका दारात उभ्या राहून, जिभा नाचवून अशा हुलहुलत होत्या की माझ्या लग्नातही हुलहुलल्या नव्हत्या. म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून आपापल्या खजुरांची नावं घेत होत्या. नवस करणाऱ्याने त्यातलं खायचं नसतं, म्हणून आईने घासही घेतला नाही. नुसती वाढत फिरली. काळीज भाजल्याचा वास आला तेव्हा तिने डोळे मिटले, मी पाहिलं. तुला माहीत आहे तिला काळीज किती आवडतं. माझ्या पानातलं मी कसंबसं मुलांच्या पानात सरकवलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प बसले असते. पण दोन दिवसांनी बा हद्दू आले, नवी दाढी करून. त्यांनी वखारीचं काम सोडलंय. खोलीही महिनाअखेर सोडतायत. म्हणाले, बाईच्या नवसाचं खाल्लं, आता परक्या लाकडाची राखण करत मरायचं नाही, मार्चमध्ये घरी जाऊन खजूर लावायचे. आणखी दोन घरं त्यांच्या मागे निघायची बोलणी करतायत. मला म्हणाले की तुझा भाऊ खरा पुरुष निघाला. मी त्यांना चहा दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर दाबून उभी राहिले.

तुला शिव्या द्यायला बसले होते, पण कुठल्या हक्काने देऊ? खोटं लिही म्हणून तुझ्या हाती लेखणी मीच दिली. आई मात्र टवटवीत झालीय. खोकला पळाला. तिला हसताना बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आता काय करायचं ते तू सांग.

लोभ कसला मागू तुझ्याकडे? आपण दोघं सारखेच.

तुझी,
तुदाताई

*

तग्रूरत,
१९ जानेवारी १९८५

ती. सौ. ताईस सलाम. वि. वि.

तुझं पत्र उमरने दिलं ते मी विहिरीच्या काठावरच वाचलं आणि तिथेच बसून राहिलो. झायदला वाटलं आई गेली. त्याला मग सगळं सांगावं लागलं. त्या हायसं वाटण्यासकट. तो रहाटाकडे गेला आणि मागे वळून म्हणाला, उतर.

त्या दिवसापासून मी वेड लागल्यासारखा खणत होतो. खोटं खरं करून टाकायचं, बा हद्दू येण्याआधी पाणी बाहेर काढायचं, बस्स. जेवायला वर यायचो नाही. झायदने हाक मारली तर ओ द्यायचो नाही. आणि त्या घाईत मी तेच केलं जे इथला शेंबडा पोरगाही करत नाही. ओलीच्या मागे लागलो. कुदळीखाली ओल जास्त लागली की वाटायचं अजून थोडं खाली, अजून थोडं खाली. खेत्तारा खाली खणायची नसते गं, पुढे खणायची असते. तळ बाहेरच्या तोंडाकडे नुसता कळेल न कळेल एवढा उतरता ठेवायचा, तरच पाणी आपल्या पायाने चालत बाहेर येतं. बाबांनी आपल्याला हे ताटात पाणी ओतून शिकवलं होतं. मी तळच खाली नेऊन ठेवला. आता समज उद्या पाणी सुटलंच, तर ते माझ्या खड्ड्यात डबकं करून बसेल, बाहेर यायचं नाही.

झायद दिवा घेऊन खाली आला, तळ बघितला आणि एवढंच म्हणाला की तू पाट खणत नाहीयेस, स्वतःला पुरायला जागा करतोयस. मग आम्ही कुदळी वर पाठवल्या. आता तो खड्डा चिकणमातीने भरून, ठोकून, पुन्हा तळ उचलतोय. पुढे एक वीतही जात नाही. जे खणलं तेच बुजवतोय. ऐकायला किती वाईट वाटतं, पण खरं सांगतो, चार वर्षांत पहिल्यांदा माझं डोकं शांत आहे. पलीकडच्या पाण्याचा विचार करायचा नाही असं ठरवलंय. समोरची माती ठोकायची, दिव्याखाली तळ बघायचा, वर येऊन चहा प्यायचा. झायद म्हणतो की त्याने पहिल्यापासून असंच केलंय, मला वाटत होतं त्याला फार आशा आहे. त्याला कसलीही आशा नव्हती म्हणे. सवय होती.

आता मुख्य. आईला खरं सांग. मीच यायला हवं, ते कळतं मला. पण आत्ता मेकनेसला आलो तर परत इथे येणार नाही, हे मी स्वतःला ओळखून आहे. खाली तिच्यासाठी लिहितोय ते जसंच्या तसं वाच, गोड करू नको. आणि बा हद्दूंना खोली सोडू नका म्हणून सांग. सोडली असेल तर माझ्या वतीने त्यांच्या पाया पड.

आई, पाणी आलेलं नाही. मी खोटं लिहिलं. तू हिवाळा काढावास म्हणून लिहिलं असं ताई म्हणेल, पण तेवढंच खरं नाही. तू दर बसला विचारतेस आणि दर वेळी नाही म्हणावं लागतं, त्याची मला लाज वाटायची. ती लाज टाळायला म्हणून लिहिलं. आता त्याहून मोठी पदरात पडली. तुझा नवस माझ्यामुळे वाया गेला.

लोभ राहिला नाही तरी मी समजून घेईन.

इद्दर

*

मेकनेस,
१६ फेब्रुवारी १९८५

चि. इद्दर,

आईचा आशीर्वाद आहे. तो आधी घे, मग पुढचं ऐक, कारण पुढे आशीर्वाद नाही. हे मी सांगतेय आणि तुदा लिहितेय. एक शब्द गोड करू नको म्हणून तिला बजावलंय.

(खरंच बजावलंय. मांडीला मांडी लावून बसलीय आणि लेखणी थांबली की ढोसते. तुदा.)

तुझं वाचून झालं तेव्हा मी तुदाला आत जा म्हटलं. गच्चीवर गेले. काइदची खुंटी अजून तिथेच आहे, तिच्यापाशी बसले. तुझा राग नंतर आला. आधी मला माझी लाज वाटली. गल्लीतल्या प्रत्येक माणसाला मी आभाराचे हात वर करायला लावले होते, ज्या पाण्यासाठी लावले ते नव्हतंच. घराघरांतून जाऊन मी काय सांगू, तुम्ही खाल्लंत ते काय होतं?

मग मी मशिदीच्या फकीहकडे गेले आणि विचारलं. ते म्हणाले, बाई, अट पुरी झाली नाही म्हणजे नवस फिटला नाही. तो तसाच तुझ्या डोक्यावर आहे. मेंढरू कापलंस ते नुसतं जेवण झालं. मी म्हटलं, नुसतं जेवण? म्हणजे मी खाल्लं असतं तरी चाललं असतं? ते म्हणाले, चाललं असतं. इद्दर, तुझ्या खोट्यापायी मी काळीज सोडलं. हे मी विसरणार नाही.

शुक्रवारी मी सगळ्यांना बोलावलं. या वेळी सात भाज्यांचा कुस्कुस, मांस नाही. जेवून झाल्यावर उभी राहिले आणि सरळ सांगितलं की पाणी आलेलं नाही, माझा मुलगा खोटं बोलला, माझ्या मुलीने ते झाकलं, आणि मी खातरजमा न करता गावजेवण घातलं. तुदा तिथेच होती, तिने मान वर केली नाही. एक-दोन बायका रडल्या. कोणीतरी कोपऱ्यात कुरकुरलं, मी ऐकलं, कोण ते सांगत नाही.

मग मी विचारलं, तुम्ही तग्रूरतची माणसं ना? तर सांगा, पाणी नाही म्हणजे ते मांस नवसाचं नव्हतं. मग कशाचं? आपल्या वाडीत काम पुरं व्हायच्या आधी सगळ्यांना बोलावून एका ताटात जेवू घालतात, त्याला काय म्हणतात? आणि ज्याने त्या ताटात हात घातला त्याने पुढे काय करायचं असतं?

सगळ्यांना कळलं. तिवीझी म्हणतात. ज्याने तिवीझीचा घास घेतला त्याला कुदळ चुकत नाही, मग तो पाटील असो की जावई. तरी कोणी हलेना. इतक्या वर्षांत शहरात राहून माणसं जड झालीत. शेवटी बा हद्दू उठले. म्हणाले की मी तर त्या दिवशी तीनदा वाढून घेतलं होतं. आणि म्हणाले की माझी खोली गेलीच आहे, तेव्हा मला कुठेतरी जायचंच आहे. सगळे हसले. मग एकेक जण आपण किती खाल्लं ते सांगायला लागला.

तेव्हा ते येतायत. मार्चच्या पहिल्या बसने. तुला लाजायचं तेवढं लाज, मी नको म्हणत नाही, लाजायलाच हवं. पण खाली विहिरीत दडून लाजू नको. वर येऊन त्यांच्या हातात दोर दे. म्हातारी माणसं आहेत, त्यांना उपाशी ठेवू नको आणि बा हद्दूंना खाली उतरू देऊ नको.

आणि एक. मी दर बसला पाणी आलं का विचारत होते, ते तुझं पत्र आलं का असं विचारायला मला लाज वाटायची म्हणून. म्हातारी बाई मुलासाठी हपापलीय असं लोकांनी म्हणायला नको. आता म्हणू देत. लिहीत जा. पाणी नसलं तरी लिहीत जा.

आई
(तिने अंगठा उठवलाय, आणि शाई पुसायला माझाच पदर वापरलाय. माझ्याशी बोलते आता, थोडं थोडं. तुदा.)

*

तग्रूरत,
२८ एप्रिल १९८५

ती. आईस, इद्दरचा सलाम आणि तुझ्या हातांना मुका. ताईला वाचायला दे, झाकण्यासारखं यात काही नाही.

ते आले तेव्हा मी तू नको म्हणालीस तेच करत होतो. बसचा भोंगा ऐकू आला आणि मी खालीच राहिलो. वर माणसांचे आवाज, झायदचा आवाज, हसणं. मी दिवा विझवून बसलो होतो, आई. मग वरून बा हद्दूंचा आवाज आला. शिवी येईल म्हणून मी कान बंद करणार होतो. ते म्हणाले, अरे इद्दर, टोपली का येत नाही वर, आम्ही काय बघायला आलोय का? मी टोपली भरली आणि पाठवली. दुसरी भरली. संध्याकाळी वर आलो तेव्हा त्यांनी माझा खांदा धरून मला ताटावर बसवलं आणि डिसेंबरचा विषय कोणी काढला नाही. पहिले काही दिवस असेच गेले. कोणी बोलून टाकलं असतं तर मोकळा झालो असतो.

पुढे सुरू झाले. रहाट जड लागला की म्हणायचे, काइद अजून पचला नाही. कोणी लवकर दमला की बाकीचे त्याला विचारायचे, पाय खाल्ला होतास की नुसता रस्सा. हमाली करून पाठ गेलेली, गुडघे गेलेली माणसं. मी कोणालाही दोराजवळून हटवायला गेलो की तो म्हणायचा, मी खाल्लंय, मला फेडू दे. आई, लाज माझी आणि फेडत होते ते. मी त्यांच्या तोंडाकडे बघून काम करू शकलो नाही. तळाकडे बघून केलं. तळ आता सरळ आहे. बाबांनी बघितला असता तरी चाललं असतं.

परवा मी सगळ्यात पुढे होतो, झायद मागे दिवा धरून. मातीला कुदळ लावली तर ती पडली नाही, सरकली. मग थंडगार काहीतरी बोटांमधून आलं. पायावरून गेलं, थांबलं नाही, माझ्या मागे, तोंडाच्या दिशेने, हळूहळू निघालं. गढूळ, चिखलाचं. झायदने दिवा खाली नेला आणि बराच वेळ आम्ही ते चालताना बघत राहिलो.

तुला माहीत आहे, आपल्याकडे ज्याच्या पायाला ते पहिल्यांदा लागतं त्याने ओरडायचं असतं, आणि वरच्यांनी ओ द्यायची असते. झायद म्हणाला, ओरड. मी तोंड उघडलं. शब्द आले नाहीत. ते दोन शब्द मी तुला डिसेंबरातच पाठवून बसलो होतो. त्याने परत सांगितलं. मी मान हलवली. मग त्याच्याबरोबर चालत, वाकून, भिंत धरत खेत्तारेच्या तोंडातून बाहेर आलो.

बा हद्दू तोंडापाशी उन्हात दोर वळत बसले होते. मला बघून म्हणाले की काम सोडून बाहेर कसा आलास. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मग त्यांची नजर खाली गेली. ते उठले, गुडघा धरून वाकले, माझ्या चोळण्याची कड हातात घेतली आणि पिळली. हाताकडे बघितलं. परत पिळली.

मग ते ओरडले, आई. माझ्या वाटचं ते ओरडले. म्हातारा माणूस, घसा फाटेपर्यंत. वरच्या सगळ्या विहिरींवरून ओ आली, आणि मी तिथेच खाली बसलो.

या पत्रात मी ते दोन शब्द कुठेही लिहिलेले नाहीत हे ताईच्या लक्षात आलं असेल. माझ्या हातून ते आता तुझ्यासाठी लिहवत नाहीत. उमर पुढच्या गुरुवारी मेकनेसहून निघतोय, त्याने पुढची जागा तुझ्यासाठी राखलीय, छातीला वारं लागणार नाही. मेंढरू आणू नको. मोकळी ये, चपला काढून तोंडापाशी उतर, स्वतःच्या पायाने बघ. आणि असलं, तर तू म्हण. तू म्हटलंस की मग मी म्हणेन.

लोभ करू नको, तो तू न मागताच केलास. फक्त ये.

तुझा,
इद्दर